नवा संगणक घ्यावा की जुन्यालाच एसएसडी बसवावी? लॅमिंग्टन रोडवर करून घेतलेल्या कामाचे परीक्षण

ज्या यंत्राविषयी लिहितो आहे ते चौथ्या पिढीच्या इंटेल कोअर आय३ प्रोसेसरचे, एच८१ मदरबोर्डचे (सर्व भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड), ४ जीबी रॅम आणि ५०० जीबी हार्ड डिस्क असलेले साधे डेस्कटॉप आहे. प्रोसेसरची ही पिढी २०१३ साली बाजारात आली. घरी त्याचा उपयोग वीजबिल आणि मालमत्ता कर भरणे, बँकेचे खाते पाहणे, वडिलांनी सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते टंकणे आणि सुटीच्या दिवशी यूट्यूब एवढाच होतो. एवढ्या कामासाठी नव्या संगणकावर तीस-चाळीस हजार रुपये घालावेत की आहे त्यालाच एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारे, चिपवर माहिती साठवणारे उपकरण) बसवून, डागडुजी करून वापरावे, हा प्रश्न होता. डागडुजीचा मार्ग घेतला आणि तो योग्य ठरला, असे माझे मत आहे; मात्र ते प्रत्येक जुन्या यंत्राला सरसकट लागू पडेल असे नाही.

खरेदीला निघण्यापूर्वी यंत्र मंद चालण्याचे दुखणे नेमके कोठे आहे ते पाहणे आवश्यक असते आणि त्यासाठी कोणाला घरी बोलावण्याची गरज नसते. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ या भागात यंत्र सुरू झाल्यानंतरची पहिली काही मिनिटे पाहिली, तर आमच्याकडे प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर रेंगाळत होता आणि हार्ड डिस्क मात्र सतत १०० टक्क्यांना टेकलेली होती. याचे कारण यांत्रिक आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर योग्य जागी सुई पोहोचून माहिती तिच्याखाली यायला सरासरी दहा-बारा मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान लहान फायली तबकडीवरच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून गोळा कराव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे हाच वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. प्रोसेसर रिकामा बसलेला असताना अधिक वेगवान प्रोसेसर विकत घेण्यात काय हशील?

एसएसडी म्हणून किंग्स्टनची ए४००, २४० जीबी ही निवडली. कंपनी तिचा वाचनाचा वेग सेकंदाला ५०० एमबी आणि लेखनाचा ३५० एमबी सांगते, तीन वर्षांची हमी देते आणि एकूण ८० टीबी (म्हणजे ८०,००० जीबी) लेखनाची मर्यादा नमूद करते. ही मर्यादा वाचून काही जण बिचकतात; परंतु रोज २० जीबी लिहिले गेले तरी ती गाठायला जवळजवळ अकरा वर्षे लागतील, आणि बिल भरणाऱ्या घरात रोज २० जीबी लिहिले जात नाही. याहून कितीतरी वेगवान असलेल्या, थेट बोर्डावरच्या खाचेत बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडी दुकानदार आवर्जून पुढे करतात. एच८१ च्या बोर्डांवर त्यासाठी सहसा खाचच नसते, त्यामुळे तो विषय तेथेच मिटतो.

रॅमच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागले. या बोर्डाला डीडीआर३ लागते, नव्या संगणकांची डीडीआर४ किंवा डीडीआर५ त्यात बसतच नाही, कारण पट्टीवरची खाच वेगळ्या ठिकाणी असते. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत. म्हणून दुसऱ्या संगणकातून काढलेली ४ जीबीची पट्टी घेतली आणि एकूण ८ जीबी केले. ब्राउझरची दहा-बारा पाने, एक वर्डची फाइल आणि पार्श्वभूमीला अँटिव्हायरस एवढ्याला ८ जीबी पुरतात. १६ जीबी केल्याने या कामांत फरक जाणवला असता असे वाटत नाही. येथे एक गोष्ट तपासून घ्यावी, ती म्हणजे विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे. ३२ बिटचे असेल तर ४ जीबीपलीकडची रॅम तुमच्या उपयोगाला येतच नाही. जुनी पट्टी काढली तेव्हा तिच्या सोनेरी दातांवर मुंबईच्या दमट हवेने आणलेला काळपट थर होता. कारागिराने साध्या खोडरबराने तो हलक्या हाताने घासून काढला, बारीक चुरा फुंकून टाकला आणि पट्टी दोन्ही टोकांना खटकन आवाज येईपर्यंत दाबली. पावसाळ्यात संगणक सुरू न होता नुसता पीं-पीं करत राहतो, त्यातल्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात, असे त्याचे म्हणणे.

हे काम मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला असलेल्या, संगणकाच्या सुट्या भागांची बाजारपेठ असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, एका लहान दुकानात करून घेतले. कॅबिनेट घेऊन लोकलने जायचे असेल तर गर्दीची वेळ टाळावी आणि मालडबा गाठावा. मॉनिटर, कीबोर्ड बरोबर नेण्याचे कारण नाही, ते दुकानात असतात. येथील फायदा असा की जुने सुटे भाग मिळतात, भावात घासाघीस चालते आणि काम डोळ्यांसमोर होते. भाव सांगताना ‘बिलाशिवाय’ आणि ‘बिलासह’ असे दोन आकडे सांगितले जातात, त्यांतला दुसराच घ्यावा. अठरा टक्के जीएसटी वाचवण्याच्या नादात कंपनीची हमी कागदावर राहते, आणि सीलबंद खोक्यावरचा अनुक्रमांक बिलावर लिहिलेला नसेल तर हमी मागताना त्या बिलाचा उपयोग तरी काय?

दुकानाच्या कामात एक उणीव राहिली. घरी आल्यावर डिस्कचा वेग मोजणारे क्रिस्टलडिस्कमार्क चालवून पाहिले तेव्हा वाचनाचा वेग सेकंदाला २७० एमबीच्या वर जाईना. एच८१ मध्ये साटाची, म्हणजे डिस्कची केबल जोडण्याची, दोन दारे सेकंदाला ६ गिगाबिटची आणि दोन ३ गिगाबिटची असतात, आणि एसएसडीची केबल धिम्या दारात खोचलेली होती. झाकण उघडून ती शेजारच्या दारात लावल्यावर आकडा ५०० च्या जवळ गेला. खरे तर रोजच्या वापरात हा फरक फारसा कळत नाही, कारण लहान फायलींचा शोध दोन्ही दारांत झटपट होतो. पण ज्या वस्तूचे पैसे मोजले ती पूर्ण क्षमतेने जोडून द्यावी, एवढी अपेक्षा गैर नाही. दुकानाने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करून दिली, हे मात्र चांगले केले. विंडोज नव्याने टाकले असते तर वडिलांची श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमधली इतिवृत्ते तिच्या फॉन्टअभावी अगम्य चिन्हांच्या रांगा होऊन बसली असती.

परिणाम असा की कळ दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत पूर्वी चहा होऊन यायचा, आता अर्ध्या मिनिटाच्या आत यंत्र हाताशी येते. सुधारले नाही ते व्हिडिओचे. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतींनी आकुंचित केलेले येतात आणि चौथ्या पिढीच्या चिपमध्ये ते उलगडण्याचा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. १०८० पर्यंत निभावते, ४के लावल्यास चित्र अडखळते. आमच्या मॉनिटरला ४के दाखवताच येत नसल्याने तक्रार नाही.

याच फेरीत मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरीही बदलून घेतली. ती संपली की घड्याळ जुन्या तारखेवर जाते आणि बँकेचे संकेतस्थळ असुरक्षित असल्याची सूचना देऊन उघडेनासे होते. केवळ एवढ्यावरून संगणक मोडीत काढणारी घरे मी पाहिली आहेत.

मूळ अडचण विंडोजची आहे आणि ती एसएसडीने सुटत नाही. आमच्या यंत्रातल्या विंडोज १० ला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नावनोंदणी करून सुरक्षेच्या सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची सोय कंपनीने जाहीर केली, तिचा लाभ आम्ही घेतला आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचे यंत्र अधिकृतपणे बाद. आडमार्गाने ते बसवून देणारे लॅमिंग्टन रोडवर भेटतात. बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात तेथे मी तो मार्ग घेणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिली, ब्राउझर आणि इनस्क्रिप्ट टंकलेखन उत्तम चालले, परंतु श्रीलिपी विंडोजचीच असल्याने वडिलांची गैरसोय झाली असती.

म्हणून आजच निर्णय घ्यायचा असेल तर प्रथम प्रोसेसरची पिढी पाहावी. आठवी किंवा त्यापुढची असेल आणि यंत्र हार्ड डिस्कवर चालत असेल, तर एसएसडी आणि ८ जीबी रॅम यांवर डोळे मिटून खर्च करावा. त्याआधीची असेल तर नवी फक्त एसएसडी घ्यावी, कारण ती पुढच्या संगणकातही लावता येते, आणि डीडीआर३ वर जुन्या पट्टीपेक्षा अधिक पैसा घालू नये. दोन्हींचा मिळून खर्च नव्या यंत्राच्या एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ लागला तर तेथेच थांबावे आणि कार्यालयांतून निघालेले, आठव्या पिढीचे, वर्षभराची दुकानाची हमी असलेले छोटे डेस्कटॉप पाहावेत; त्याच रस्त्यावर ते मिळतात. आमची एसएसडी ऑक्टोबर २०२६ च्या सुमारास अशाच एखाद्या डेस्कटॉपमध्ये जाईल, आणि तोवर वडिलांच्या इतिवृत्तांचे, कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये रूपांतर करून ठेवण्याचे काम सुरू केले आहे.