नेट बंद पडलं आणि नकली ‘कस्टमर केअर’ने पेन्शनचं खातं रिकामं केलं

घरचं वायफाय बंद पडलंय आणि फोनवरचा माणूस तुमच्या लॅपटॉपची स्क्रीन बघायला मागतोय, तर फोन तिथल्या तिथे ठेवून द्या. नेट चालू असल्याशिवाय दुसऱ्या गावात बसलेल्या कुणालाच तुमची स्क्रीन दिसत नाही. आणि नेट चालू असेल तर तो दुरुस्त नेमकं काय करतोय? मिरजेच्या माझ्या मामांना हा प्रश्न त्या दुपारी कुणी सुचवला असता, तर त्यांचे १,८४,००० रुपये वाचले असते. मामांनी स्वतःहून सांगितलं, ‘लिही, दुसऱ्याचं तरी वाचेल,’ म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. कॉम्प्युटरला बिचकणारे नाहीत. वीजबिल, पेन्शनचा हिशोब, नातवाशी व्हिडिओ कॉल, सगळं स्वतः करतात. गल्लीत गटाराचं खोदकाम चालू होतं आणि दुपारी अचानक नेट गेलं. त्यांनी राउटर बंद करून चालू केला, लॅपटॉपही बंद करून चालू केला, वायफायचं नाव काढून टाकून पासवर्ड नव्याने घातला. कुणीही जाणकार हेच करेल. पण राउटरवरचा एलओएस दिवा लाल लुकलुकत होता. हा दिवा लाल झाला, म्हणजे फायबरमधून, म्हणजे नेट आणणाऱ्या काचेच्या बारीक तारेतून, येणारा प्रकाश राउटरपर्यंत पोचत नाही. केबल कुठेतरी तुटली आहे, जास्त वाकली आहे किंवा राउटरमागची पिन सैल झाली आहे. लॅपटॉपचा याच्याशी काडीचा संबंध नसतो.

मामांनी मोबाइलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं शोधलं. सगळ्यात वर कंपनीच्या लोगोसकट एक मोबाइल नंबर आला. तो कंपनीचा नव्हता. शोधात वर दिसणारी जाहिरात पैसे मोजून लावता येते, नकाशावरच्या एखाद्या नोंदीत खोटा फोन नंबर घुसवता येतो, आणि ठगांना हे पक्कं ठाऊक असतं. नेट बंद पडलेला माणूस पहिला दिसेल तो नंबर लावतो. त्या एका क्षणासाठी ते जाळं लावून बसलेले असतात.

पलीकडचा मुलगा स्वच्छ मराठी बोलत होता. ‘काका, काळजी करू नका, काम होईपर्यंत मी लाइनवरच आहे.’ आधी त्याने तक्रार क्रमांक लिहून घ्यायला लावला. मग मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्यावर जोडायला सांगितला. सगळी मेख इथे आहे. राउटर मेलेला, लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर, आणि हा म्हणे तिथून राउटर दुरुस्त करणार! त्यानंतर त्याने एनीडेस्क, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर बघता आणि चालवता येतो ते सॉफ्टवेअर, उतरवून घ्यायला लावलं. एनीडेस्क हे काही चोरांचं अ‍ॅप नाही, कितीतरी ऑफिसांत ते रोज वापरतात. पण त्याच्या आडून होणाऱ्या चोरीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. त्यात दिसणारा आकडी पत्ता वाचून दाखवला आणि ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं की माउस समोरच्याच्या हातात जातो.

मग त्याने विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबायला लावलं आणि एकेक अक्षर सांगत इव्हेंट व्ह्यूअर उघडवलं. लाल गोल, पिवळे त्रिकोण, ‘एरर’, ‘वॉर्निंग’, खाली खाली सरकणारी न संपणारी यादी. ‘काका, हे सगळे व्हायरस आहेत. तुमच्या लाइनवरून बाहेर डेटा जातोय, म्हणून कंपनीने नेट बंद केलंय.’ हे धडधडीत खोटं आहे. विंडोज स्वतःच्या बारीकसारीक घडामोडींची नोंद तिथे ठेवतं. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, तरी लाल खूण पडते. मी नंतर माझ्या ऑफिसचा लॅपटॉप उघडून मामांना तीच यादी दाखवली. तो लॅपटॉप अगदी ठणठणीत आहे आणि यादी मामांच्यापेक्षा लांब होती.

इतकं घाबरवून झाल्यावर मागितले फक्त दहा रुपये. लाइन पुन्हा चालू करायची फी. दहा रुपयांसाठी कोण हुज्जत घालतो? पैसे भरायला नेटबँकिंग उघडायचं होतं, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवरचं सगळं त्याला दिसत होतं. त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तक्रार अ‍ॅप’ म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअर टाळून मोबाइलवर थेट बसवता येणारी फाइल, आली. ती मोबाइलवर बसवताना तिने मेसेज वाचायची परवानगी मागितली. यापुढे मामांना ओटीपी विचारायची त्याला गरजच उरली नाही, येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर त्याच्याकडे जात होता. मग लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली. ‘अपडेट चालू आहे, हात लावू नका.’ त्या काळ्या पडद्यामागे नवा लाभार्थी, म्हणजे पैसे पाठवायचं नवं खातं, जोडून आधी १,००,००० आणि मग ८४,००० रुपये वळते झाले.

खातं जोडीचं होतं आणि मामींच्या मोबाइलवरही मेसेज येत होते, म्हणून निदान तेव्हाच कळलं. मामी आतून आल्या, ‘अहो, हे एक लाखाचं काय आलंय?’ मामांनी हॉटस्पॉट बंद केला, फोन कापला. मामींनी स्वतःच्या मोबाइलवरून १९३० लावला, ही ऑनलाइन फसवणुकीसाठीची सरकारी हेल्पलाइन. हा नंबर पाठ करून ठेवा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक) तिथे विचारतात, आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला ते अडवायला कळवतात. वेळेवर फोन गेल्यामुळे ६२,००० रुपये पुढच्या एका खात्यात अडकून पडले. बाकीचे तोवर एटीएममधून काढले गेले होते. अडकलेली रक्कम सोडवायला कोर्टात अर्ज केला आहे.

बँकेशी भांडण वेगळंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लेखी घेतलीच पाहिजे. मामांनी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता, पण ‘अ‍ॅप तुम्हीच बसवलंत’ असं बँकेचं म्हणणं. पंच्याहत्तरीच्या माणसाला काउंटरवर उभं करून हे ऐकवलं, याचा मला आजही संताप येतो. तक्रार आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे आहे.

आणि नेट? बिलावरच्या नंबरावर फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. गटाराच्या चरात फायबर तुटली होती. त्याने दोन्ही टोकं मशीनने जोडली, मीटर लावून प्रकाश तपासला, लाल दिवा विझला. लॅपटॉप उघडायलाही सांगितला नाही, एक रुपयाही घेतला नाही.

तुमच्याकडे नेट गेलं तर आधी राउटरचे दिवे बघा. एलओएस लाल असेल तर राउटरमागची पिन सैल नाही ना ते बघा, मग बिलावरचा नंबर लावा आणि थांबा, त्यापलीकडे तुमच्या हातात काही नाही. दिवे ठीक असतील तर त्याच वायफायवर मोबाइल लावून बघा. मोबाइल चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, तर दोष लॅपटॉपचा. एअरप्लेन मोड चुकून चालू आहे का, कीबोर्डवरचं वायफायचं बटण दाबलं गेलंय का, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या नावावर पिवळी खूण आहे का, ते बघा. पिवळी खूण असेल तर बहुधा ड्रायव्हर, म्हणजे वायफायचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने बसवावा लागतो. फक्त आतल्या खोलीत नेट रडतंय, तर ५ गिगाहर्ट्‌झऐवजी राउटरच्या २.४ वाल्या वायफायवर जोडा, भिंतीपलीकडे ते जास्त पोचतं. तरी नाही जमलं, तर ओळखीच्या दुकानदाराला समोर बसवून दाखवा.

पैसे गेल्यावर मामांनी तो लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही पुसून नव्याने सुरू करून घेतले, आणि सगळे पासवर्ड आधी मामींच्या मोबाइलवरून बदलले. तरी काही आठवड्यांनी आणखी एक फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे अडकलेले पैसे सोडवायचे तर पाच हजार प्रोसेसिंग फी भरा.’ एकदा फसलेल्यांचे नंबर या टोळ्या एकमेकांना देतात. पोलीस पैसे परत करायला फी मागत नाहीत. असा फोन आला तर नंबर टिपून घ्या आणि तोही आधीच्याच तक्रारीत जोडा. मामांनी तेच केलं.