रुळांशेजारी राहणाऱ्यांसाठी साउंडप्रूफ खिडकी – वर्षभर वापरून लिहितेय

आम्ही कळव्याला राहतो, बेडरूमच्या खिडकीतून रूळच दिसतात. आधी पण आवाज होताच, पण २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन चालू झाली आणि मेल-एक्सप्रेस अजून जवळून जायला लागल्या. रात्री शेवटची लोकल गेली की जरा डोळा लागतो तर मालगाडी, आणि पहाटे चारनंतर परत पहिली लोकल. सासूबाईंना बीपी आहे, त्यांची झोपच होईना, म्हणून शेवटी बेडरूमला यूपीव्हीसीची (म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची) डबल ग्लासची खिडकी बसवून घेतली.

दुकानदार स्लायडिंगच घ्या म्हणून मागे लागला होता, स्वस्त पडते म्हणे. पहिली तीच बसवली आणि पैसे वाया गेले, कारण सरकत्या खिडकीला ट्रॅकमध्ये फट राहतेच आणि हवा येते तिथून आवाज पण येतो. मग भांडून बदलून घेतली, दारासारखी उघडणारी, रबर गॅस्केटवाली (कडेची फट बंद करणारी रबराची पट्टी), दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या. घेणार असाल तर हीच घ्या. लोकलचा खडखडाट खरंच खूप कमी झाला, आता फोनवर बोलताना गाडी जाईपर्यंत थांबावं लागत नाही. पण मालगाडीची थरथर भिंतीतून येते, कपाटातली भांडी अजून वाजतात, ती कुठल्याच काचेने थांबणार नाही. आणि खिडकी बंद म्हणजे मे महिन्यात एसी आलाच, ते बिल पण धरून चाला.

हॉर्न मात्र ऐकू येतो. नियमात राहत्या वस्तीला रात्री ४५ डेसिबल लिहिलंय, आमच्या फोनवरचं अ‍ॅप खिडकी बंद असताना पण हॉर्नला त्याच्या वर जातं. पण मोटरमनला तरी काय बोलणार, समोर माणसं रूळ ओलांडताना दिसली तर तो वाजवणारच. आमच्या इथे कंपाउंडची भिंत एका जागी फोडलेली आहे, बुजवतात, परत फुटते, कारण पूल गाठायचा तर केवढा वळसा पडतो आणि म्हातारी माणसं, पिशव्या घेतलेल्या बायका, क्लासला निघालेली पोरं सगळी तिथूनच जातात. पाच-सहा लाईन ओलांडायच्या, एक गाडी गेली की लोक निघतात आणि तिच्या मागून दुसऱ्या ट्रॅकवरची येतेय ते दिसतच नाही. आधी हॉर्नचा राग यायचा, आता रात्री लांबलचक वाजला की मी उठून खिडकी उघडून बघते कोणी आहे का ते.

खिडकीला पाचपैकी साडेतीन. आमच्या सोसायटीत अजून चार घरं बसवणार आहेत, त्यांना सांगितलंय की ऑर्डर देतानाच पादचारी पुलाच्या अर्जावर पण सही करा, त्या भगदाडाजवळ पूल पाहिजे.