बीटलच्या टनेलमधल्या सडक्या नळ्या आणि उद्यमनगरातलं एक शेड

निकाल आधीच सांगते. काम अव्वल, वेळेच्या बाबतीत आनंदीआनंद, आणि बिल मागाल तर वहीच्या फाडलेल्या पानावर मिळेल. तरीही जुनी फोक्सवॅगन बीटल बाळगणाऱ्याला मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ह्या शेडकडेच पाठवेन. शेडला पाटी नाही, लेथवाल्यांच्या गल्लीत विचारत जावं लागतं.

माझी गाडी १९६६ची. मुक्काम रत्नागिरी, म्हणजे पावसाळा आणि खारा वारा दोन्ही वर्षानुवर्षं अंगावर. बीटलचं इंजिन मागे, पेडलं पुढे. मधोमध पत्र्याचा पोकळ कणा असतो, ज्याला सगळे टनेल म्हणतात. क्लच, ॲक्सिलरेटर, हँडब्रेक आणि हीटर ह्या सगळ्यांच्या केबली त्यातूनच मागे जातात, प्रत्येक केबल आपापल्या लोखंडी नळीतून. गिअरचा रॉड आणि पेट्रोलचा पाइपसुद्धा त्याच टनेलमध्ये. हँडब्रेकच्या फाटक्या रबरातून किंवा कुठल्याशा भोकातून पाणी एकदा आत शिरलं की वाळायचं नाव घेत नाही. बाहेरून टनेलवर हात मारला तर ठणठणीत वाजतं, आतल्या नळ्यांचे मात्र पापुद्रे सुटलेले असतात.

माझ्या गाडीत दोन दुखणी होती. हँडब्रेक सोडला तरी मागचं एक चाक धरून ठेवायचं आणि ड्रम तापायचा, कारण केबल नळीतच गंजून अडकली होती. ती कापून काढली, तर नवी केबल मागून सरकवताना निम्म्यात थांबायची. दुसरं दुखणं क्लचचं. पेडल दाबलं की आतून 'टक्' असा आवाज आणि गिअर कुरकुरत पडायचा. ॲडजस्ट करून करून मागचा नट संपत आला. एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या गॅरेजने सरळ सांगितलं, बॉडी उचला, अख्खं पॅनच, म्हणजे टनेलसकट गाडीचा तळाचा पत्राच, बदला. त्यांचा आकडा ऐकून मी चहा न पिताच उठले.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी आधी काहीच खोललं नाही. पोराला पेडल मारायला बसवलं आणि स्वतः मागे गाडीखाली शिरले. क्लचची केबल टनेलमधून जिथे बाहेर पडते तिथे नळीचं तोंड पेडलाबरोबर आत-बाहेर हलत होतं. म्हणजे आतला वेल्ड सुटला होता. मागच्या सीटखाली गिअर कपलिंगचं झाकण असतं, ते काढून मोबाइलला जोडायचा कॅमेरा आत सोडला. हँडब्रेकची नळी स्क्रीनवर आली तसे म्हणाले, "ताई, ही नळी न्हाई, चाळण हाय."

मला हा माणूस आवडला तो पुढच्या गोष्टीमुळे. ठिणगी पाडण्याआधी त्यांनी पेट्रोलची टाकी उतरवली, टनेलमधला पेट्रोलचा जुना पाइप ओढून काढला आणि आत बराच वेळ कॉम्प्रेसरची हवा मारली. घाई करणारे कारागीर नेमकं हेच टाळतात. मग बॅटरी काढली आणि कटरने टनेलला मोजक्या जागी पंजा जाईल एवढ्याच खिडक्या पाडल्या. कापलेला पत्रा खडूने नंबर घालून बाजूला ठेवला, तोच परत बसवायला.

हीटरच्या नळ्याही गेल्या होत्या. त्या तशाच राहू द्या म्हणाले. रत्नागिरीत हीटर कोण लावणार? पटलं. ॲक्सिलरेटरची नळी नुसती तुंबली होती. जुन्या केबलचा तुकडा घेऊन त्याचं टोक पिंजलं, दुसरं टोक ड्रिलमध्ये धरलं आणि डिझेल सोडत सोडत नळी आतून घासून काढली. हँडब्रेकच्या दोन्ही नळ्या मात्र नव्या. नव्या केबलचं टोक खिशात घालून मिस्त्री पाइपवाल्याकडे गेले आणि ते आरपार सुळकन जाईल असा सीमलेस पाइप निवडून आणला. वळण जुन्या नळीवर ठेवून जुळवलं. कापलेल्या टोकांची आतली बर, म्हणजे कापल्यावर राहणारी धार, रीमरने काढली, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा काढली. ती धार राहिली तर वर्षभरात केबलीची एकेक तार तुटते. नळ्यांना गॅसवर पितळेचं ब्रेझिंग केलं, म्हणजे पितळ वितळवून जोड दिला, कारण सीओटू वेल्डिंगने पातळ नळीला भोक पडायची भीती. खिडक्यांचा जाड पत्रा मात्र सीओटूनेच बंद केला. त्याआधी केबली घालून, ओढून, मला ओढायला लावून खात्री केली.

वाद एकाच गोष्टीवर झाला. गंज धरू नये म्हणून आत जळकं ऑइल मारतो, असं त्यांचं म्हणणं. मी पोकळीत मारायच्या मेणाचे डबे सोबत नेले होते. शेवटी मेणच मारलं, पण चेहरा नाराज.

आता हँडब्रेक चौथ्या खटक्याला दोन्ही चाकं गच्च धरतो आणि सोडला की लगेच सोडतो. क्लच पेडलाला वर साधारण १५ मिलिमीटर मोकळी चाल आहे. ती १० ते २० मिलिमीटर हवी. टनेलमधून निघालेली क्लचची केबल गिअरबॉक्सजवळ ज्या लवचिक नळीतून जाते, त्या बोडन नळीचा झोल २५ ते ४५ मिलिमीटरमध्ये असावा लागतो. तोही त्यांनी वॉशर घालून बसवून दिला, मी न सांगता. परत येताना आंबा घाट कसलीही कुरकुर न होता उतरले.

तक्रारी आहेतच. 'पुढच्या आठवड्यात' हे शब्द इतके ऐकले की मी फोन करणं सोडून दिलं. खिडक्यांवरचं ग्राइंडिंग खडबडीत आहे. मॅटखाली दिसत नाही, पण मला माहीत आहे. उडालेल्या ठिणग्यांनी मागच्या सीटला एक भोक पडलं, त्याचे पैसे त्यांनी न मागता बिलातून वजा केले. मजुरी २२,००० झाली, सामान वेगळं. अंदाज लेखी देत नाहीत, तेव्हा तोंडी ठरलेला आकडा त्यांच्यासमोरच वहीत लिहून घ्या.

जाणार असाल तर केबली, बोडन नळी आणि हँडब्रेकचं रबर स्वतः घेऊन जा, ते तिथे मिळत नाही. आणि पेट्रोल जवळजवळ संपवूनच गाडी न्या. माझ्या टाकीतलं निघालं ते शेडमधल्या पोराच्या मोटरसायकलमध्ये गेलं.