नौपाड्यातला असेंबल्ड पीसी : अकरा महिन्यांनंतर

पीसी सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी आईने ओल्या फडक्याने कॅबिनेट पुसायला घेतलं आणि हात झटकून ओरडली, "अगं, हा चावतो!" मला वाटलं, भास असेल. मग अनवाणी उभी राहून मीही मागच्या स्क्रूला बोट लावून पाहिलं. बोटातून मुंग्या सरसरत गेल्या. नवाकोरा, पंच्याऐंशी हजारांचा पीसी, आणि त्याला हात लावायची चोरी.

याचा उलगडा पुढे करते. आधी सांगितलं ते एवढ्यासाठी की पार्ट निवडताना मी दीड महिना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच दोन गोष्टींवर घालवला. अकरा महिन्यांत मात्र मला छळलं ते कॅबिनेटने, यूपीएसने आणि भिंतीतल्या प्लगने. प्रोसेसर आपला गुपचूप काम करतोय. त्याच्याबद्दल लिहायला फारसं काही नाही, म्हणून तोच आधी उरकते.

मी इंटिरिअरची कामं करते, घरूनच. स्केचअपमध्ये मॉडेल, मग ब्लेंडरमध्ये रेंडर, म्हणजे त्या मॉडेलचं फोटोसारखं चित्र. जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर सातव्या पिढीचा होता. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालणार नव्हतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. म्हणून जानेवारीत ठरवलं की आता पीसीच करायचा, आणि तोही स्वतः जोडायचा.

दुकानदार म्हणेल, "मॅडम, कोअर जास्त घ्या." पण स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना, भिंत ओढताना काम जवळजवळ एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच कामकऱ्यावर पडतं. बाकीचे बसून असतात. रेंडर मी ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनमध्ये ग्राफिक्स कार्डवर करते. म्हणजे मला हवा होता एक चपळ कोअर, सोळा सुस्त नव्हे. एएमडीचा रायझन ५ ७६०० घेतला. सहा कोअर, जोरात असताना वेग (बूस्ट) ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत, टीडीपी (कूलरसाठी धरायची उष्णता) ६५ वॉट. वर आत छोटे ग्राफिक्सही आहेत, म्हणजे कार्ड कधी दगावलं तरी स्क्रीन दिसेल. प्रोसेसर बसतो ते बोर्डावरचं सॉकेट एएम५ आहे आणि एएमडीने ते २०२७ पर्यंत तरी चालू ठेवण्याचं जाहीर केलंय, त्यामुळे पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. या बाबतीत तक्रार शून्य.

खरेदीला लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं कोणी म्हणत नाही. कळव्याच्या मावसभावाला बरोबर घेतलं. ठाण्याहून फास्टने दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरायचं. तिथली एक गंमत म्हणजे प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर भावाला मिळायचं. पैसे माझे, यादी माझी, आणि "भाई, ये वाला बोर्ड लो" म्हणत कोटेशनची चिठ्ठी त्याच्या हातात. तोही बेरका, चिठ्ठी न वाचता माझ्याकडे सरकवायचा. चौथ्या दुकानात हिशोब जमला. तिथेही शेवटी तो प्रश्न आलाच : "विथ बिल या विदाउट बिल?" जीएसटी १८ टक्के आहे, मोह होतो. पण बिल नाही तर वॉरंटीच्या वेळी तुम्ही कोण आणि दुकानदार कोण! बिलावर कार्ड, मदरबोर्ड आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) या तिघांचे सीरियल नंबर लिहून घ्या. त्याला दोन मिनिटं लागतात. तोंड वाकडं करतात, पण लिहून देतात.

एका दुकानात कॅबिनेटबरोबर "५०० वॉट" छापलेला एसएमपीएस फुकट मिळत होता. मी खूश. भावाने तो उचलून पाहिला आणि परत ठेवला. "ताई, हा हलका आहे." मला हसू आलं, भाजी घेतोय का आपण? पण त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आत फिल्टरची कॉइल, मोठे कपॅसिटर, हीटसिंक असं काही असेल तर वजन लागतंच. शेवटी ८० प्लस ब्राँझचा, ६५० वॉटचा, पाच वर्षं वॉरंटीचा घेतला. माझं आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉट खातं, प्रोसेसर भर जोरात नव्वदच्या आसपास, बाकी सगळं मिळून पन्नास धरा. ६५० जास्तच आहे, पण निम्म्याहून कमी लोडवर तो थंड आणि शांत राहतो. आणि ८० प्लसचा बिल्ला म्हणजे दर्जाची हमी असं मी समजत होते, तेही खरं नाही. तो फक्त किती वीज वाया जात नाही ते सांगतो. शॉर्ट झालं तर सप्लाय स्वतःहून बंद होईल का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्या विशिष्ट मॉडेलची उघडून केलेली तपासणी वाचावी लागते. मी दोन रात्री तेच वाचत होते. प्रोसेसरवर घालवलेल्या दीड महिन्यापेक्षा या दोन रात्री कामी आल्या.

जोडणी जेवणाच्या टेबलावर, रविवारी. या बोर्डावर पिना सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरला नाही, त्यामुळे प्रोसेसर नुसता अलगद ठेवायचा. मग खटका दाबताना असा करकर आवाज येतो की काळजाचं पाणी होतं. तो आवाज बरोबर आहे. वरचं काळं प्लॅस्टिक आपोआप उडून बाहेर येतं, तेही बरोबर आहे. ते जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर लागतं. एसएसडीच्या हीटसिंकखालच्या पॅडवरची पारदर्शक फिल्म काढायला मी विसरले. महिन्याभराने एसएसडी ७४ अंश दाखवायला लागली तेव्हा उघडून पाहिलं, तर फिल्म तिथेच हसत बसलेली.

पहिल्यांदा बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं. बाबा मागे उभे, काही न बोलता. मी घाबरून बंद केलं, पुन्हा चालू, पुन्हा काळी. खरं म्हणजे डीडीआर५ रॅम पहिल्यांदा बसवली की बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो, आणि त्याला काही मिनिटं लागतात. मी दर वेळी मध्येच बंद करून त्याला पहिल्यापासून कामाला लावत होते. तिसऱ्या वेळी आईने चहा आणला, तो पिईपर्यंत स्क्रीन उजळली. चहा ठेवा सोबत.

रॅमबद्दल माझ्याकडे दोन गोष्टी आहेत. १६ च्या दोन पट्ट्या घेतल्या, एकूण ३२ जीबी, आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. नंतर आणखी दोन टाकू असा विचार करत असाल तर करू नका. या पिढीत चार पट्ट्या भरल्या की वेग बराच खाली येतो. जे हवं ते दोनच पट्ट्यांत, एकदाच. दुसरं म्हणजे पाकिटावर ६००० लिहिलंय म्हणून ती आपोआप ६००० वर चालत नाही. बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम छापील वेगावर चालवणारी सोय) चालू करावं लागतं. हे मला दोन महिन्यांनी कळलं, तेही भावाने टास्क मॅनेजर उघडून ४८०० चा आकडा दाखवला तेव्हा. "ताई, पूर्ण तिकीट काढून अर्ध्या वाटेत उतरलीस." मी तेव्हा साडेनऊ हजारांना घेतलेल्या त्या दोन पट्ट्यांचा आजचा भाव विचारू नका. वर्षअखेरीस डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी अशी उचलायला सुरुवात केली की भाव भडकून कुठल्या कुठे गेले.

आता ते चावणं. बाबा आयुष्यभर वायरमन. त्यांनी कॅबिनेटला टेस्टर लावला तर तो मिणमिणला. मी म्हटलं, एसएमपीएस फॉल्टी, उद्याच परत नेते. ते म्हणाले, "थांब, आधी आपलं घर बघू." होल्डरमध्ये शंभरचा बल्ब घेतला. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये लावला, ढिम्म. प्लगला वरचं मोठं भोक होतं, त्यामागे वायरच नव्हती. आमची बिल्डिंग जुनी. रिडेव्हलपमेंटला गेली सात वर्षं "जाणारच" आहे, म्हणून वायरिंगला कोणी हात लावत नाही.

बाबांनी सांगितलं ते असं : एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळायला छोटे कपॅसिटर असतात, फेजपासून बॉडीला आणि न्यूट्रलपासून बॉडीला. त्यातून किंचित प्रवाह बॉडीवर येतो आणि अर्थिंगमधून निघून जातो. अर्थिंगच नसेल तर बॉडी मधल्यामध्ये लटकते, साधारण ११५ व्होल्टवर. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण आतमध्ये कधी खरंच काही शॉर्ट झालं तर त्याला जायला तोच मार्ग हवा असतो, आणि तो नव्हता. म्हणजे एसएमपीएस निर्दोष, दोषी आमची भिंत. बाबांनी मीटर रूममधून हिरवी वायर ओढून आणली, दीड दिवस आणि शेजाऱ्यांची कुरकुर. त्यानंतर टेस्टर विझला. कोणी तुम्हाला अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून देतो म्हणाला तर त्याला चहासुद्धा न देता घालवा. न्यूट्रल कुठे तुटली तर अख्खं कॅबिनेट फेजवर येतं.

यूपीएसची कहाणी जूनमधली. जुना ६०० व्हीएचा होता, म्हणजे ३६० वॉट. कागदावर पुरेसा. पहिल्या पावसात डोंबिवलीच्या एका फ्लॅटचं रेंडर रात्रभर लावून झोपले. पहाटे लाइट क्षणभर गेली, यूपीएसने टक् केलं आणि पीसी रीस्टार्ट. सहा तासांचं काम पाण्यात. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध साइन वेव्ह देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो. ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस ती पचवतात, काही नाही. माझा नाही पचवत, निदान भर लोडवर तरी नाही. साइन वेव्हवाला मोठा यूपीएस घेतला, नऊ हजार गेले, आणि हे मी बजेटमध्ये धरलेच नव्हते. तुम्ही धरा. तेव्हापासून रेंडरही व्हिडिओ फाइल न करता फ्रेमगणिक वेगवेगळ्या चित्रांत काढते. लाइट गेलीच तर जिथे थांबलं तिथून पुढे.

कॅबिनेटची चूक शंभर टक्के माझी. पुढे अखंड काच, आत रंगीत पंखे, फोटोत महालासारखं. हवा आत जायला कडेची बोटभर फट. सुरुवातीला चाललं. मेमध्ये, हॉलमध्ये एसी नसताना आणि खोली ३४ अंशांवर असताना, रेंडर सुरू झालं की कार्ड ८३ अंश आणि आवाज असा की बाबा विचारायचे, "गिरणी किती वाजेपर्यंत चालणार?" पुढची काच काढून ठेवली तर तापमान लगेच दहा अंशांनी उतरलं. मग ती उघडी राहिली आणि शेजारची बिल्डिंग पाडायला घेतली. सिमेंटची बारीक धूळ पंधरा दिवसांत पंख्यांच्या पात्यांवर साय धरल्यासारखी. ऑगस्टमध्ये जाळीच्या तोंडाचं, साधंसुधं, काळं कॅबिनेट घेतलं. दोन पंखे आत फुंकणारे, एक बाहेर, पुढे निघणारी धुण्याजोगी जाळी. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही. जाळी दर रविवारी नळाखाली. महिन्यातून एकदा ब्लोअर, आणि तेव्हा पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, गरगर फिरू द्यायचं नाही. कार्ड आता ७१ च्या आसपास असतं आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवत नाहीत. जुनं कॅबिनेट भावाने नेलं, दिवाळीच्या किल्ल्यामागे रोषणाईला.

ग्राफिक्स कार्डाबद्दल एक कबुली. ४०६० वर ८ जीबी मेमरी आहे. सुरुवातीला दोन आठवडे मी मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावून बसले होते, ते सोडा. पण घराचा पूर्ण सीन, पडदे, गालिचे, झाडं आणि मोठ्या टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं), असं सगळं आलं की ८ जीबी भरते आणि रेंडर रांगायला लागतं. वेगाने कमी असलेलं, पण १२ जीबीचं ३०६० माझ्या कामाला जास्त सोयीचं पडलं असतं. मी खेळांचे आकडे वाचून निवड केली, आणि खेळ मी खेळत नाही. सध्या टेक्स्चर लहान करून भागवते.

मार्चनंतर १६ जीबीचं कार्ड घ्यायचा विचार आहे. भावाला सांगितलं तर त्याने आत्ताच ४०६० वर हक्क ठेवलाय. मी म्हटलं, फुकट नाही मिळणार. तर म्हणतो, "चालेल ताई, पण विदाउट बिल."