भाड्याच्या हॉलची सजावट, अकरा महिन्यांनंतर: वॉलपेपर, पडदे आणि दिवे

जुलैमध्ये एका रात्री दोनच्या सुमारास हॉलमधून फर्रर्र असा लांबलचक आवाज आला. कुणी शिरलं की काय, म्हणून आम्ही दोघंही उठलो. दिवा लावला तर सोफ्यामागच्या भिंतीवरचा वॉलपेपर वरून सुटून अर्ध्यावर लोंबत होता आणि त्याच्या पाठीला भिंतीचा रंग पोपड्यांसकट चिकटून आला होता. जानेवारीत लावला तेव्हा याच वॉलपेपरला मी अभिप्रायात पाचपैकी पाच तारे दिले होते, वर फोटोही टाकला होता. तेव्हा तो लावून जेमतेम चार दिवस झाले होते. माझं बघून कुणी घेतला असेल, तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

घर ऐरोलीत, दुसऱ्या मजल्यावर, वन बीएचके, भाड्याचं. नेहमीचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. चावी देताना मालक काका म्हणाले होते, "ताई, भिंतीला खिळा तेवढा मारू नका, बाकी काय हवं ते करा." खिळा नाही म्हटल्यावर चिकटवायच्या वस्तूंकडे मन गेलं. हॉलसाठी दहा हजारांच्या वर एक रुपया घालायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं.

वॉलपेपर मागची फिल्म सोलून चिकटवायचा, प्लॅस्टिकच्या जातीचा, ४५ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब. सोफ्यामागची ही भिंत बाहेरची, पश्चिमेची, १२ फूट रुंद, ९ फूट उंच. म्हणजे नऊ पट्ट्या. एका रोलमध्ये तीन पट्ट्या निघतात, तीन रोल लागले. ७५० रुपयांचा एक, एकूण २,२५०. क्षेत्रफळावरून हिशोब करणाऱ्यांनी इथे सांभाळावं. १०८ चौरस फुटांची भिंत आणि ४८ चौरस फुटांचा रोल, म्हणजे सव्वादोनात काम होईल असं कागदावर दिसतं. पण प्रत्येक रोलला पावणेदोन मीटरचा तुकडा उरतो आणि तो नऊ फुटांच्या भिंतीला काही पुरत नाही. ते तीन तुकडे मी टाकले नाहीत. एक कोनाड्यात लावला, दोन चपलांच्या कपाटाच्या दारांना. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

लावल्यावर हॉल खरंच सुंदर दिसत होता. फिकट हिरवी पानं, मागे साय घातल्यासारखा रंग. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, एक टोकसुद्धा उचललं गेलं नाही. मुंबईच्या पट्ट्यात पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. जूनच्या शेवटी खिडकीकडच्या टोकाला, जमिनीपासून दोन फुटांवर, एक फुगवटा आला. दाबला की आत पाणी असल्यासारखा मऊ लागायचा. हॉलमध्ये कुबट वास सुटला. सासूबाई रोज म्हणायच्या, "अगं, कुठेतरी ओलं फडकं राहिलंय बघ." फडकं नव्हतं. कागदामागे काळी बुरशी धरली होती.

माझा सगळा राग एका शब्दावर आहे: वॉटरप्रूफ. जाहिरातीत, पाकिटावर, आतल्या चिठ्ठीवर, तीन ठिकाणी तो छापला होता. समोरून पाणी मारा, पुसा, काही होत नाही, हे खरं आहे. पण आपल्याकडे पाणी समोरून येत नाही, मागून येतं. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर महिनोन् महिने सपासप मारा करतो, प्लास्टरला बारीक भेग असली तरी ओल आत झिरपते. साधी भिंत ती ओल हळूहळू हवेत सोडून देते. तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद चढवला की ओलीची वाटच बंद होते. म्हणजे कागद जितका पक्का वॉटरप्रूफ, तितकं आतलं नुकसान जास्त. कोकणपट्टीत विकताना हे एका ओळीत सांगायला काय हरकत होती? मी पंचवीस वेळा तरी ती चिठ्ठी वाचली. "कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावर लावा" एवढंच होतं. जानेवारीत भिंत कोरडीच होती!

विक्रेत्याशी भांडण तीन आठवडे चाललं. आधी उत्तर आलं की परत करायची मुदत दहा दिवसांची होती. मग फोटो मागितले, मग रोलवरचा बॅच क्रमांक मागितला, शेवटी सांगितलं की भिंतीची जबाबदारी ग्राहकाची. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, पाकिटावरच्या त्या शब्दाचा फोटो जोडला. त्यानंतर विक्रेत्याने ३०० रुपयांचं कूपन देऊ केलं. मला त्यांच्याकडून पुन्हा काही घ्यायचंच नव्हतं, मी नाही म्हटलं. शेवटी एका रोलचे ७५० रुपये खात्यात आले. पाकीट आणि बिल जपून ठेवलं होतं म्हणूनच तेवढे तरी मिळाले.

इथपर्यंत लिहून मी "वॉलपेपर कुणीही घेऊ नका" असं लिहिणार होते. मग कोनाड्याकडे लक्ष गेलं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीतला हा कोनाडा, तिथे त्याच रोलचा उरलेला तुकडा लावलेला. आजही तो नव्यासारखा आहे. चपलांच्या कपाटाची दारंही तशीच. एकच माल, एकच हात, एकच पावसाळा, फक्त ती भिंत आतली आहे. म्हणून मत थोडं बदलते. आतल्या भिंतीला, लाकडाला, पत्र्याच्या कपाटाला जरूर लावा. बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या, लावू नका. शंका असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून दोन दिवस ठेवा. आत दंव धरलं तर भिंत ओली आहे. ही परीक्षा ऑगस्टमध्ये करायची, जानेवारीत नाही. आणि भिंतीवरून तळहात फिरवून बघा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो साधा डिस्टेंपर. त्यावर काहीही चिकटवलं तरी ते रंगाला चिकटतं, भिंतीला नाही, आणि काढताना रंग घेऊन येतं. उरलेल्या पट्ट्या मी केस वाळवायच्या ड्रायरने गरम करत सोलल्या, त्याने पोपडे कमी निघाले.

पडद्यांबद्दल मात्र मला मनापासून चांगलं लिहायचं आहे. आधी तयार पडदे आणले होते, सात फुटी. तयार माल पाच, सात आणि नऊ फुटांत मिळतो. खिडकीच्या चौकटीवर, सात फुटांवर, जुना रॉड होता, त्यावर ते लावले. दोन धुण्यांत आक्रसून जमिनीपासून चांगले वर गेले. सासूबाई म्हणाल्या, "वाढत्या वयाच्या पोराच्या पँटीसारखे दिसतात." मालकांना फोन केला. "काका, चार भोकं पाडू का? जाताना पुट्टीने बुजवून रंग लावून देईन." ते हो म्हणाले. रॉड छताच्या जवळ, साडेआठ फुटांवर नेला, आणि खिडकीपेक्षा दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त रुंद घेतला. पडदा उघडला की खिडकीची काच पूर्ण मोकळी राहते आणि छत उंच वाटतं. एवढ्या एका बदलाने खोलीचा जो नूर पालटला, तो नऊ पट्ट्यांनी पालटला नव्हता.

कापड ठाण्याच्या जांभळी नाक्याजवळून आणलं, जाड सुती, ५४ इंच पन्हा (म्हणजे कापडाची रुंदी), १८० रुपये मीटर. सहा फुटी रॉडला चुण्या दाट पडायला तीन पन्हे लागतात. मधला उभा कापून दोन्ही पडद्यांना अर्धा-अर्धा जोडायचा. नऊ मीटर घेतलं. शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घातलं, वाळल्यावर दीड वीत कमी भरलं. शिवल्यावर आटलं असतं तर पुन्हा तीच पँट. सेक्टरमधल्या टेलर मास्तरांनी पन्ह्यामागे १५० घेतले. कड्या आणि रॉड धरून सगळं २,९०० रुपयांत. तयार नऊ फुटी जोडी याच्या आसपासच मिळाली असती, पण ती अर्धा फूट जमिनीवर लोळली असती.

दिव्यांचं सुरुवातीला माझं आणि घराचं जमलं नाही. आपल्याकडची ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची, निळसर पांढरी (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळसर). मी ३००० केल्विनचे दोन पिवळसर बल्ब आणले आणि ट्यूब बंदच करून टाकली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तांदळाचं ताट उचललं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. त्यांचं बरोबर होतं, निवडायला, वाचायला पांढरा उजेडच लागतो. आता सात वाजेपर्यंत ट्यूब, मग कोपऱ्यातला दिवा आणि टीव्हीच्या बाजूचा दिवा. कोपऱ्यातला कागदी शेडचा दिवा तुर्भे स्टेशनला उतरून आयकियातून आणला. त्याला फिरकीचा ई-२७ होल्डर आहे, आपल्या घरातले पिनवाले बल्ब त्यात बसत नाहीत, म्हणून बल्ब बघून घ्या. बल्बच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, तो आकडाही बघा. ८० वाल्याखाली आमच्या खणाच्या उशांचा जांभळा रंग मातकट दिसायचा, ९० वाल्याखाली काठाची नक्षीसुद्धा उठून येते. नऊ वॅटचा एक बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला दीड युनिटही होत नाही.

एलईडी पट्टी ४०० रुपयांची. मे महिन्याच्या उकाड्यात तिचा डिंक सुटला. वायरच्या क्लिपा ठोकून ती टीव्हीच्या कपाटामागे लावली आहे, ठीक आहे. मनी प्लांट जगला. आईने शिवलेली वाकळ सोफ्याच्या पाठीवर घातली आहे. पाहुणे सगळ्यात आधी तिलाच हात लावतात, आणि तिला एक पैसाही पडला नाही.

भिंतीचं काय झालं? सोसायटीने गणपतीनंतर बाहेरून भेग भरून घेतली. आम्ही घाई केली नाही, ऑक्टोबरचं ऊन महिनाभर खाऊ दिलं, प्लॅस्टिकच्या चौकोनात दंव धरेना तेव्हाच खरवडून पुट्टी भरली. प्राइमर आणि दोन लिटर रंगाला ९०० रुपये लागले, दोन हात दिवाळीआधीच्या रविवारी आम्ही दोघांनीच दिले. रंग गेरूच्या जवळचा निवडला. पिवळ्या दिव्याखाली तो संध्याकाळी असा काही उजळतो की मला वॉलपेपरची पानं आठवतसुद्धा नाहीत. आजवरचा सगळा खर्च ८,५५० रुपये, परत आलेले ७५० त्यातून वजा.

गेल्या आठवड्यात करार वाढवायला काका आले होते. भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. डिपॉझिटमधून काही कापणार नाही म्हणाले, रॉडही जाताना तसाच ठेवा म्हणाले. रॉड ठेवेन. पडदे मात्र नेणार आहे. मास्तरांकडून खालची दुमड चार इंचांची ठेवून घेतली आहे, पुढच्या घराची खिडकी उंच निघाली तर उसवता येईल.