एसीचा आवाज: बेअरिंग बदलायचं की अख्खा कॉम्प्रेसर?

परवा निफाडहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, पिकअपचा एसी घरघरतोय. गॅरेजवाला म्हणतो कॉम्प्रेसर गेला. करू का खर्च?" मी विचारलं, एसी बंद केल्यावर आवाज थांबतो का? ते त्याने पाहिलंच नव्हतं. उन्हाळ कांद्याची धावपळ, काचा वर, ब्लोअर चारवर; आवाज येतोय एवढंच कळत होतं. पण खर्च कशावर करायचा, हे त्या एका उत्तरावर ठरतं.

आधी ब्लोअरचा, म्हणजे गाडीत हवा फेकणाऱ्या पंख्याचा, संशय दूर करा. इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करा आणि ब्लोअर एकपासून चारपर्यंत फिरवा. फडफड किंवा खरखर तेव्हाच येत असेल, तर कॉम्प्रेसरचा, म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाचा, काही संबंध नाही. कारण तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि आता इंजिन बंद आहे. आपल्याकडे हे फार होतं. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात कांद्याची टरफलं उडत असतात, ती काचेखालच्या जाळीतून आत ओढली जातात. केबिन फिल्टर नसेल किंवा फाटला असेल तर थेट ब्लोअरच्या पंख्यात. गेल्या मे महिन्यात माझ्या गाडीतून मूठभर लाल पापुद्रे निघाले, पंख्याच्या पात्यांना ओलसर चिकटलेले. त्याआधी एका ठिकाणी मला गॅस भरून दिला होता. पैसे गेले, फडफड तशीच राहिली.

एसी बंद केल्यावर डॅशबोर्डमागे थोडा वेळ 'स्स्स' येतं, त्याची काळजी नको. आतला दाब समान होत असतो. चालू एसीत मात्र सतत फुसफुस आणि गार कमी, असं असेल तर गॅस गळतोय का ते तपासा.

आता मुख्य जोडी: बेअरिंग आणि कॉम्प्रेसर.

इंजिन चालू, एसी बंद, बोनेट उघडं. गळ्यातला गमछा काढून ठेवा, हात पट्ट्यापासून लांब; रेडिएटरचा पंखा विजेवरचा असेल तर तो न सांगता सुरू होतो. कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असतानाही फिरतच असते. त्यामुळे एसी बंद असूनही घर्रर्र येत असेल, तर संशय पुलीच्या बेअरिंगवर, किंवा पट्टा ताणून धरणाऱ्या चाकावर, म्हणजे टेन्शनरवर. मग एसी लावा. 'टक्' आवाज होऊन कॉम्प्रेसरचा क्लच बसतो (पायाखालचा नव्हे; हा पुलीला कॉम्प्रेसरशी जोडतो), तो बरोबर आहे. पण त्या टक्-नंतरच ठकठक किंवा दळल्यासारखा आवाज सुरू झाला आणि एसी बंद करताच थांबला, तर दुखणं बहुधा कॉम्प्रेसरच्या आत. काही नव्या गाड्यांत क्लच नसतो, तिथे ही परीक्षा चालत नाही.

खर्चात दोघांची बरोबरीच नाही. बेअरिंग हा छोटा भाग. पुष्कळ गाड्यांत क्लच पुढून उतरतो, गॅस काढावा लागत नाही. परत बसवताना क्लचच्या प्लेटमधली फट गाडीच्या मापाने ठेवली पाहिजे, ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे गॅस काढणं, गॅसमधला ओलावा शोषणारा नवा ड्रायर, ठरलेल्या जातीचं आणि मापाचं तेल, व्हॅक्यूम (लाईनमधली हवा ओढून काढणं), मग बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाने गॅस.

घाईच्या बाबतीत मात्र उलट आहे, आणि इथेच लोक चुकतात. कॉम्प्रेसर आतून वाजत असेल तर एसी बंद ठेवा. क्लच सुटलेला असला की आतलं काही फिरत नाही, हंगाम संपेपर्यंत थांबता येतं. बेअरिंगला ही सवलत नाही. एसी लावा न लावा, पुली फिरणारच. ते जाम झालं तर पट्टा जळतो किंवा तुटतो. त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप असेल तर गाडी जागेवर उभी. द्राक्षं भरून रात्री वाशीला निघालात आणि कसारा घाटात हे झालं, तर मालाचं काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. म्हणून स्वस्तातलं काम आधी, महागडं सवडीने.

कॉम्प्रेसर बदलायला होकार देण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. त्याचे बोल्ट आवळून पाहा; शेतरस्त्यांवर ते ढिले होतात आणि ठकठक अगदी आतून आल्यासारखी वाटते. दुसरं, गॅस अंदाजाने जास्त भरला असेल तरी आवाज येतो. तो काढून वजन करून भरायला सांगा.

तरीही आवाज राहिला, तर कॉम्प्रेसरमधलं तेल पाहा. पांढऱ्या कापडावर घ्या. चकचकीत कण दिसले तर आतला धातू झिजून सगळ्या लाईनमध्ये फिरलाय. मग नुसता कॉम्प्रेसर बदलणं मला पटत नाही. ड्रायर आणि गॅस मोजून सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदला, लाईन फ्लश करा. गॅस थंड करणारा बारीक नळ्यांचा कंडेन्सर नीट धुतला जात नाही, तोही बदललेला बरा. नाहीतर तोच चुरा नवा कॉम्प्रेसर खाईल. रीकंडिशन्ड घ्यायचा असेल तर लेखी वॉरंटी देणाऱ्याकडूनच. तेल स्वच्छ असेल तर मी रीकंडिशन्डचा विचार करेन. कण दिसले असतील तर नवाच घेईन.

मेहुण्याला तिथेच फोनवर सांगितलं, एसी बंद करून ऐक. घरघर तशीच होती. मग इंजिन बंद करून पट्टा उतरवायला लावला आणि पुली हाताने फिरवायला सांगितली. "दाजी, वाळू भरल्यासारखी लागतेय," म्हणाला. टेन्शनर गुळगुळीत फिरत होता. दुसऱ्या दिवशी त्याने बेअरिंग बदललं, सोबत पट्टाही, कारण त्याच्या कडेचे धागे सुटायला लागले होते. जुनं बेअरिंग त्याने मागून घेतलं.