नाशिकच्या दिंडोरी रोडवरचं सबमर्सिबल वर्कशॉप: आधी थ्रस्ट, मग वाइंडिंग

मोटार जळाली म्हटलं की बहुतेक ठिकाणी थेट वाइंडिंग उपसायला घेतात. इथे आधी तळाचं झाकण खोलून थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे खालचा भार पेलणारं बेअरिंग, बघतात. शिफारस करावी ती एवढ्यासाठीच.

आत पाणी भरलेल्या सबमर्सिबलमध्ये रोटरचं वजन आणि पंपाचा खाली येणारा रेटा, सगळं तळाच्या कार्बन चकतीवर येतं. ही चकती स्टीलच्या सेगमेंटवर, म्हणजे गोलात मांडलेल्या सुट्या तुकड्यांवर, फिरते, पण मोटार वेगात असताना दोघांचा स्पर्श होता कामा नये. मिनिटाला २,८५०च्या आसपास फेरे घेताना चकती पाणी आत ओढते, सेगमेंट किंचित कलतो, पाचरीसारख्या फटीत दाब तयार होतो आणि सगळा भार काही मायक्रॉन पाण्यावर तोलला जातो. व्हीजी ३२ या मशीनच्या तेलाचा घट्टपणा ४० अंशांना ३२ सेंटीस्टोक असतो. पाण्याचा त्याच तापमानाला जेमतेम ०.६६. इतक्या पातळ थरावर घासकामातली ढिलाई लपत नाही.

घासकाम इथे खरंच चांगलं आहे. सेगमेंट प्लेटवर पेस्टने लॅप करतात, म्हणजे घासून सपाट करतात, ब्लू (निळा रंग) लावून कुठे टेकतं ते तपासतात, डायल गेजने सगळ्यांची उंची जुळवतात. एक कोपरा बोटाने दाबून सेगमेंट डुलतो का तेही बघतात. हे महत्त्वाचं, कारण पिव्हट, म्हणजे सेगमेंटखालचा टेकू, दबून सपाट झाला असेल तर सेगमेंट कलत नाही. मग पृष्ठभाग कितीही चकचकीत असो, थर धरत नाही. जुना कार्बन गिऱ्हाइकासमोर ठेवून कारण सांगतात: गोल चरे म्हणजे वाळू, करपलेला काळा पट्टा म्हणजे कोरडी चाललेली मोटार. थ्रस्ट झिजला की रोटर खाली बसतो, इंपेलर घासतात, अँपिअर चढतात. अशा मोटारीचं नुसतं वाइंडिंग भरलं तर पुढच्या हंगामात ती पुन्हा वर काढावी लागते.

गुण कापायचे ते दोन ठिकाणी. सपाटपणा ब्लूवरच तपासतात. सोडियम दिव्याखाली ऑप्टिकल फ्लॅट (अगदी सपाट काच) ठेवला तर ०.३ मायक्रॉनचा फरकही पट्ट्यांत दिसतो, ती सोय नाही. दुसरं जास्त खटकतं: मोटार रिकामी हातात देतात आणि भरायची कशी हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मोटार उभी धरून दोन्ही प्लग काढा, पिण्याचं स्वच्छ पाणी सावकाश ओता, हलवा, अर्धा तास थांबा, बुडबुडे थांबेपर्यंत पुन्हा भरा. आत हवा राहिली तर पहिल्या स्टार्टलाच बेअरिंग कोरडं पडू शकतं. तेलाच्या मोटारीला हे लागू नाही, आणि कंपनीने ग्लायकॉलचं मिश्रण सांगितलं असेल तर तेच घाला.

लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्टार्टर असेल तर टायमरबद्दल त्यांच्याशी बोलून घ्या, त्यातलं त्यांना कळतं. थर बनतो तो वेगामुळे, त्यामुळे झीज मुख्यतः चालू-बंद होताना होते. लाइट गेल्यावर एनआरव्ही (पाणी परत येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळत असेल तर पाइपातलं पाणी खाली येऊन पंप उलटा फिरतो. तेवढ्यात लाइट आली तर शाफ्टलाही झटका बसतो. दोन स्टार्टमध्ये काही मिनिटं जाऊ द्या. वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह लावली असेल तर ३० हर्ट्झच्या खाली चालवू नका.

द्राक्षांच्या एप्रिलच्या खरड छाटणीत इथे मोटारींची रांग लागते आणि लॅपिंग घाईत उरकलं जातं. शक्य असेल तर पावसाळ्यात काम द्या.